भिंत पाडणाऱ्याला परवाना लागत नाही

नवीन व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली होती. प्रूफ बघते तर माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत ‘गव्हर्न्मेंट लायसन्स्ड काँट्रॅक्टर’. मी काही तसं लिहून दिलं नव्हतं. प्रिंटरला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, सगळेच टाकतात. बरं दिसतं.”

मी ते काढायला लावलं, कारण असं काही लायसन नसतंच. पुण्यात वडापावची गाडी लावायची तर अन्न खात्याची नोंदणी लागते. पण तुमच्या बाथरूमच्या फरशा फोडणाऱ्या, ओटा काढणाऱ्या, हॉल आणि बेडरूममधली भिंत पाडणाऱ्या माणसाला कुठल्याही खात्याचा परवाना लागत नाही. आज एखाद्याने हिल्टी मशिन (काँक्रीट फोडायचं यंत्र) भाड्याने आणलं आणि बरोबर दोन बिगारी घेतले की तो उद्यापासून काँट्रॅक्टर.

मी स्वतः त्याच धंद्यात आहे. कराडचा सिव्हिल डिप्लोमा, काही वर्षं एका बिल्डरकडे साइटवर, आणि आता कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे भागात जुन्या फ्लॅटांची दुरुस्ती. लोक मला स्क्वेअर फुटाचा दर विचारतात, किती दिवस लागतील विचारतात, दुपारी आवाज होईल का हे तर हमखास विचारतात. कागद कुणी विचारत नाही. म्हणून कुठले कागद मागायचे आणि कुठल्या कागदांना भुलायचं नाही, हे एकदा सविस्तर लिहिते आहे. यात माझाही स्वार्थ आहे: कागदपत्रं नीट ठेवणाऱ्याचं एस्टिमेट थोडं महाग येतं, आणि ते का येतं हे गिऱ्हाइकाला कळलं तर मला बरंच आहे.

आधी भुलवणारे कागद. ‘माझं शॉप अॅक्ट लायसन आहे’ असं सांगणारे ठेकेदार खूप भेटतील. दुकाने-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे २० पेक्षा कमी माणसं (२०२५ च्या दुरुस्तीआधी १०) असलेल्या आस्थापनेला नोंदणीसुद्धा करावी लागत नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. ती पावती फ्रेम करून लावलेली मी पाहिली आहे. लघुउद्योगांच्या उद्यम प्रमाणपत्राचं तेच. आधार नंबर टाकायचा, आपली माहिती आपणच भरायची, फुकटात प्रमाणपत्र हातात. व्यवसाय कराची नोंदणी म्हणजे वर्षाला २,५०० रुपये भरल्याचा पुरावा. जीएसटी नंबर असेल तर चांगलंच, निदान माणूस शोधता तरी येतो. पण सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर तोही सक्तीचा नाही. यातल्या एकाही कागदावर त्या माणसाला वॉटरप्रूफिंग कळतं की नाही हे लिहिलेलं नसतं.

मग सार्वजनिक बांधकाम खात्याची नोंदणी येते. ती खरी असते, तिला वर्ग असतात, कुठल्या वर्गाने किती रकमेपर्यंतचं टेंडर भरायचं हे ठरलेलं असतं. पण ती सरकारी कामांसाठी. त्यात आमच्यासारख्यांसाठी एक खास सोय आहे, तिचं नाव ‘सुशिक्षित बेरोजगार अभियंता’. माझा एक वर्गमित्र त्या नोंदणीवर कामं करून फॉर्च्युनर फिरवतो. कागदावर मात्र बेरोजगार. असो. ती नोंदणी दाखवून कुणी तुमच्या किचनचं काम मागत असेल तर तिचा आणि तुमच्या किचनचा काही संबंध नाही.

इंटिरिअर डिझायनरलाही परवाना नाही. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा कायदा, बिल्डरसाठी आणि एजंटसाठी आहे, माझ्यासारखीसाठी नाही. पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती महागात पडते. नवीन फ्लॅटचा ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणं रेराप्रमाणे बिल्डरवर बंधनकारक आहे. तुम्ही ताबा घेतल्या-घेतल्या बाथरूमची फरशी बदललीत, की पुढच्या पावसाळ्यात ओल आल्यावर बिल्डरचा माणूस पहिलं वाक्य काय बोलेल सांगू? “तुम्ही इंटिरिअरमध्ये तोडफोड केलीत ना.” त्यामुळे नव्या फ्लॅटमध्ये टॉयलेटच्या तळाला हात लावू नका असं मी कामावर पाणी सोडून सांगते. फारच हौस असेल तर काम सुरू होण्याआधी सगळीकडचे तारखेसकट फोटो काढा आणि बिल्डरला मेल करून ठेवा.

आता ज्यांना खरंच परवाना लागतो ते. वीज हे पहिलं. वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायचं, त्याच्या हाताखाली पर्यवेक्षक असायला हवा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना. हे परवाने राज्याच्या विद्युत निरीक्षण खात्याकडून येतात. नवीन मीटर घ्यायचा किंवा भार वाढवायचा असला की महावितरण याच ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट मागतं. पाण्याच्या कनेक्शनसाठी महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर लागतो. पाइपच्या गॅसचं तर फार सोपं आहे: एमएनजीएलच्या पाइपला कंपनीच्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही. ओटा इकडचा तिकडे करताय तर अर्ज आधी करा. माझी माणसं त्या पाइपच्या दोन्ही बाजूंना लाल चिकटपट्टी मारून मगच कामाला लागतात.

कागदावर हे सगळं छान आहे. प्रत्यक्षात काय होतं? परवाना असलेला माणूस वेगळा आणि पान्हा धरणारा वेगळा. टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्याने तुमचं घर पाहिलेलंही नसतं. सही भाड्याने मिळते, तिचा दर बाजारात सगळ्यांना ठाऊक असतो. उलट माझ्याकडचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. तिकडची पुष्कळ तरुण मुलं देशभर प्लंबिंगच करतात. त्याच्या हाताला जो सराव आहे तो मी परवानाधारकांत क्वचित पाहिला, पण त्याच्याकडे इथला परवाना नाही. मग मी काय करते? कनेक्शनपुरता परवानाधारक, आतलं सगळं हा. हे बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. पण विजेच्या बाबतीत मी असं करत नाही. तिथे ज्याची सही त्याने येऊन डीबी (घरातली विजेची मुख्य पेटी) उघडायची, अर्थिंग तपासायचं, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून माझ्यासमोर त्याचं टेस्टचं बटण दाबून दाखवायचं. जुन्या कोथरूडमधल्या घरांत आजही दोन पिनांचे सॉकेट आणि अॅल्युमिनियमच्या तारा निघतात, आणि लोकांना तिथे गिझर, एसी, इंडक्शन सगळं चालवायचं असतं.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. आई-वडिलांसाठी मागच्या अंगणात छोटं घर बांधायला काढलं तेव्हा तो मला फोनवर सगळं सांगायचा आणि मी हेवा करत ऐकायची. तिकडे १,००० डॉलर किंवा त्याहून मोठं काम करायचं तर राज्याचा परवाना लागतो. २०२५ च्या आधी ही मर्यादा ५०० डॉलरच होती. परवान्यासाठी चार वर्षांचा कामाचा अनुभव दाखवायचा, एक परीक्षा कायद्याची द्यायची आणि एक आपल्या हुनराची. शिवाय २५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे ठेकेदाराने फसवलं तर भरपाईची हमी. सामान्य ठेकेदार वेगळा, विजेचा वेगळा, प्लंबिंगचा वेगळा, छपराचा वेगळा. परवान्याचा नंबर जाहिरातीवर छापावाच लागतो आणि तो नंबर सरकारी साइटवर टाकला की परवाना चालू आहे का, बाँड आहे का, मजुरांचा विमा आहे का, हे घरबसल्या दिसतं. बांधकामाची परवानगी मात्र शहराची, तपासनीस शहराचा; भिंत बंद करण्याआधी तो येऊन आतलं वायरिंग बघून जातो. हे ऐकून मी खरंच गप्प झाले होते. आपल्याकडे भिंत बंद झाल्यावर आत काय आहे हे फक्त तो वायरमन जाणतो, आणि तो गावी गेलेला असतो.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. तिकडे घराच्या कामात आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढीच घेता येते. माझ्यासारखीला इथे हे झेपणार नाही. टाइल्सचा दुकानदार मला उधार देत नाही, सिमेंटवाला देत नाही, मजूर शनिवारी रोख मागतात. मोठ्या भांडवलवाल्यालाच असले नियम पेलतात. ४०-५० टक्के आगाऊ मागणारे आमचे बंधूही काही देवमाणसं नव्हेत हे कबूल. त्यातले काही जण तुमच्या आगाऊवर आधीच्या गिऱ्हाइकाचं काम पुरं करत असतात.

परवानगीचा मुद्दा इथल्या संदर्भात बघू. नवं घर बांधायचं तर सरळ रस्ता आहे: वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत नकाशे, महापालिकेची बांधकाम परवानगी, जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी, शेवटी भोगवटा पत्र. गोंधळ असतो तो फ्लॅटच्या आतल्या कामाचा. ‘घराच्या आतलं काम आहे, परवानगी कशाला?’ या वाक्याला आधार आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये, इमारतीच्या फक्त आतल्या भागाला लागू असलेल्या किंवा बाहेरच्या रूपात विशेष फरक न करणाऱ्या दुरुस्ती-सुधारणांना नियोजन परवानगीतून सूट आहे. वारसा इमारती सोडून. म्हणजे रंग, गिलावा, फरशी, ओटा, कपाटं यासाठी महापालिकेत जायची गरज नाही.

पण या सुटीच्या आडून लोक कुठवर जातात! ड्रॉइंगला लागून असलेली उघडी टेरेस पत्रा आणि स्लायडिंग लावून बंद करतात, मग तिथे किचन नेतात. ते आतलं काम नव्हे, ते विनापरवाना बांधकाम. त्याला याच कायद्याच्या कलम ५२ खाली कैदेची तरतूद आहे. आणि खांब, तुळई, स्लॅब यांना हात लावणं हे तर कुठल्याच सुटीत बसत नाही. मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी सिद्धी साई नावाची चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावला गेला असा आरोप झाला. त्या मजल्यावरच्या मालकाच्या दृष्टीने तेही ‘आतलंच काम’ होतं.

भिंत कुठली पाडायची हे ठरवायला डोळ्यांवर विसंबू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही तीन मजली इमारती लोड बेअरिंग आहेत. तिथली नऊ इंची भिंत म्हणजेच खांब. पेठांमधल्या वाड्यांचं तर विचारूच नका. त्यानंतरच्या आरसीसी इमारतींत चार इंची पार्टिशन सहसा काढता येतं, पण वरच्या मजल्याच्या मालकाने त्याच जागी काय केलंय हे बघावं लागतं, कारण खाली वाकलेला स्लॅब कधीकधी त्या बिनकामाच्या भिंतीवर टेकलेला असतो. आणि वाकड, हिंजवडी, खराडीकडच्या नव्या टॉवरमध्ये मायव्हन. तिथे अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. त्या घरात विटेची भिंत जवळपास नसतेच. जी भिंत तुम्हाला फोडायची आहे ती अख्खी इमारत पेलते आहे. तिथे एसीच्या पाइपसाठी साधं भोक पाडायचं तरी कोअर कटर लावायचा आणि आधी बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. वायरिंगसाठी झिरी मारणं तर बंदच. आयटीतली मुलं मला म्हणतात, “ताई, यूट्यूबवर तर दाखवतात.” यूट्यूबवर विटेची भिंत असते.

सोसायटीची लेखी परवानगी हा कागद लोक सगळ्यात हलका समजतात, मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) फ्लॅटमध्ये फेरफार करण्याआधी कमिटीची पूर्वपरवानगी लागतेच. चांगली कमिटी असेल तर ती काय बदल करणार त्याचा नकाशा मागते, ठेकेदाराचं नाव, मजुरांची यादी, ओळखपत्रं आणि अनामत रक्कम घेते. वाईट कमिटी फक्त अनामत घेते. याच उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायला सांगितलं आहे. काम सुरू करण्याआधी मी ते ऑडिट मागते. बहुतेक वेळा सेक्रेटरी काका कपाट उघडतात, फाइल चाळतात आणि म्हणतात, “करायचंय, पुढच्या जनरल बॉडीत घेतलंय.” ते खरंच मिळालं तर त्यात कुठल्या खांबाच्या सळया गंजल्यात हे लिहिलेलं असतं आणि मग मी त्या बाजूला हिल्टी चालवत नाही.

राडारोड्याचं थोडक्यात. टेम्पोवाला स्वस्तात नेतो म्हणजे तो मुठेच्या काठाला किंवा टेकडीच्या पायथ्याला रात्री ओततो. त्याला दंड झाला तर तो तुमच्या सोसायटीचं नाव सांगणार. महापालिकेच्या व्यवस्थेतून पाठवा, पावती घ्या, ती फाइलला लावा. बस.

आता ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले तो विषय: विमा.

मजुरांच्या अपघाताच्या विम्याला आमच्या धंद्यात ‘डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन) पॉलिसी’ म्हणतात. कामावर मजूर मेला किंवा जायबंदी झाला तर भरपाई देणं ही ठेकेदाराची कायदेशीर जबाबदारी आहे. चूक कुणाची हे त्यात सहसा बघत नाहीत. मूळ कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण गणिताची पद्धत तीच. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक आकडा. गणितासाठी धरायची मजुरी जास्तीत जास्त १५,००० रुपये, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. बाथरूमचं दोन-अडीच लाखांचं काम घेणारा ठेकेदार हे पैसे कुठून देणार? तो देत नाही. तो फोन बंद करतो. मृताच्या बायकोला कुणीतरी पन्नास हजार नेऊन देतं, ॲम्ब्युलन्स नांदेडला किंवा गोरखपूरला जाते आणि विषय संपतो.

बालेवाडीत जुलै २०१६ मध्ये उंच मजल्यावर स्लॅबचं काम चालू असताना ९ मजूर खाली पडून गेले. कोंढव्यात जून २०१९ मध्ये सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ जण गेले. या बातम्या झाल्या. एका फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीतून एकटा हेल्पर पडतो तेव्हा त्याची चार ओळींचीही बातमी येत नाही.

आणि घरमालकांनो, तुम्ही पूर्ण बाजूला आहात असं समजू नका. ठेकेदार नेमला असेल तर मजुरांचा मालक तो. पण पैसे वाचवायला म्हणून तुम्ही स्वतःच वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून दोन माणसं आणलीत, तर त्यांचे मालक कोण? ‘ते तर रोजंदारीवर होते, कायमचे थोडेच’ ही पळवाट २००० च्या दुरुस्तीत बंद झाली. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्याचा गुन्हा नोंदवताना पोलिसही आधी घराच्या दारावरची पाटी वाचतात.

माझ्या एका साइटवर फॉल्स सीलिंगचा कारागीर घोड्यावरून (उभं राहून काम करायच्या उंच स्टुलावरून) पडला. उंची फार नव्हती, पण टाच अशी चेचली की ऑपरेशन करून प्लेट घालावी लागली. तो माझा माणूस नव्हता, पीओपीच्या उपठेकेदाराचा होता. माझी पॉलिसी त्याला लागू झाली, कारण माझ्या विमा एजंट बाईंनी, ज्या भयंकर चिकित्सक आहेत, पॉलिसी काढतानाच मला विचारलं होतं: “उपठेकेदाराच्या माणसांची मजुरी यात धरलीय का? नसेल तर ती माणसं यात नाहीत.” हप्ता वाढला म्हणून तेव्हा मी त्यांच्याशी वाद घातला होता. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला होता दवाखान्याच्या खर्चाचा. अनेक पॉलिसींत तो आपोआप येत नाही, वेगळा हप्ता भरून जोडून घ्यावा लागतो आणि त्याला प्रत्येक अपघातामागे मर्यादा असते. मालकाने उपचाराचा प्रत्यक्ष खर्च द्यायचा असं कायदा म्हणतो, पॉलिसी मात्र तुम्ही जेवढं मागितलं तेवढंच देते.

क्लेमसाठी आलेल्या माणसाने काय मागितलं? हजेरीचं रजिस्टर. त्या आठवड्यात तो कामावर होता याची नोंद, मजुरी दिल्याची नोंद, सहीसकट. आमच्याकडे हजेरी आता मोबाइलवर असते, पण शनिवारी पगार वाटताना वहीत सही किंवा अंगठा घ्यायची जुनी सवय मी सोडली नव्हती. बिल्डरकडच्या मुकादमाने ती लावलेली. त्याच वहीने काम केलं. बिछान्यावर असेपर्यंत दर पंधरवड्याला मासिक मजुरीच्या २५ टक्के अशी रक्कम त्याला मिळत गेली. पण हिशेब त्या १५,००० च्या मर्यादेवर. रोज हजाराच्या घरात कमावणाऱ्या कारागिराला महिन्याला साडेसात हजार. बाकीचं मी आणि त्याच्या मुकादमाने मिळून भागवलं. कायद्याने जबाबदारी संपते तिथे माणसाचं भाडं संपत नाही.

या पॉलिसीचा माझा हप्ता वर्षाची अंदाजे मजुरी धरून पंधरा-वीस हजारांत बसतो. तो सगळ्या कामांवर वाटला तर एका बाथरूममागे वाट्याला येणारी रक्कम एका चांगल्या नळापेक्षा कमी असते. मी ती एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ म्हणून दाखवते. मध्यंतरी एका सद्गृहस्थांनी इटालियन शॉवर ठेवला आणि ती ओळ पेनाने खोडून परत पाठवली. मी ते काम घेतलं नाही.

पॉलिसी मागाल तेव्हा काय बघायचं? नाव ठेकेदाराचंच आहे का, तारीख चालू आहे का, कामाचं ठिकाण पुणे जिल्हा असं आहे का की कुठल्या तरी दुसऱ्याच साइटचं आहे, माणसं किती धरलीत. चार माणसांची पॉलिसी दाखवून तुमच्या घरात बारा माणसं राबत असतील तर ते तुम्हाला मोजता येतंच. उंचीवरचं काम, बाहेरून परांची बांधून रंग द्यायचा असेल, तर ते पॉलिसीत आहे का हे लेखी विचारा. बंगला बांधताय तर वेगळी ‘काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ घ्यायला लावा; त्यात कामाचं नुकसान आणि तिऱ्हाइताचं नुकसान दोन्ही धरता येतं. फ्लॅटच्या कामात तिऱ्हाईत म्हणजे खालच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांच्या नव्या सीलिंगवर तुमच्या बाथरूमचं पाणी उतरलं की तोवरचा शेजारधर्म किती पक्का होता ते कळतं.

मजुरांसाठी आणखी दोन स्वस्त गोष्टी आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, बँकेतून आपोआप कटतात. माझ्या कायमच्या माणसांना मी ती काढायलाच लावते. दुसरी, राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. १८ ते ६० वय आणि मागच्या वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते ठेकेदार देऊ शकतो. गावाकडे ही नोंदणी मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या सेटसाठीच प्रसिद्ध आहे आणि आयुष्यात कधी थापी न धरलेल्यांनीही तो सेट नेलेला मी पाहिला आहे. ज्यांच्यासाठी तो आहे त्या माझ्या वाशीमच्या बिगारी बायकांना मात्र ९० दिवसांची सही द्यायला कुणी ठेकेदार तयार नसतो, कारण सही दिली म्हणजे त्या आपल्याकडे होत्या हे लेखी कबूल केलं. मी देते. त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच सहीवर अडतात.

राहिला करार. आता ५०० रुपयांचा स्टँप पेपर लागतो, १०० चा ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. माझा करार तीन पानांचा आहे. कामाची यादी, मालाचा ब्रँड आणि ग्रेड, पैसे टप्प्याटप्प्याने: तोडफोड व प्लंबिंग झाल्यावर इतके, वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबवून तपासणी झाल्यावर इतके, आणि शेवटचे १० टक्के हातात ठेवून महिनाभर वापर झाल्यावर. सोबत पॉलिसीची प्रत, सोसायटीचं परवानगीपत्र, वीज ठेकेदाराचा परवाना क्रमांक आणि मजुरांची यादी जोडलेली. ‘कुठलाही खांब, तुळई वा स्लॅब तोडला जाणार नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घातलं आहे. काम अर्ध्यावर असताना “ताई, एवढा कोपरा जरा तासून द्या ना, फ्रिज बसत नाहीये” असं कुणी म्हटलं की मी पान उघडून दाखवते.

नमुना हवा असेल त्यांनी मेल टाका, पाठवते. जसाच्या तसा वापरू नका. तुमच्या कामाप्रमाणे बदला आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाला दाखवा.